‘आय हॅड सेंट यू अ मेल’: इंग्रजीतील पूर्ण काळ रोजच्या बोलण्यात कसे वापरावेत

ऐरोलीतील एका कार्यालयात काम करणारा माझा एक विद्यार्थी परदेशातील ग्राहकाला फोनवर म्हणाला, ‘आय हॅड सेंट यू अ मेल ऑन मंडे.’ पलीकडचे गृहस्थ क्षणभर थांबले आणि त्यांनी विचारले, ‘अँड देन?’ विद्यार्थी गोंधळला, कारण त्याच्या दृष्टीने वाक्य संपले होते. ‘मी तुम्हाला सोमवारी मेल पाठवला होता’ या मराठी वाक्यात काहीही अपुरे नाही. इंग्रजीत मात्र ‘हॅड’ कानावर पडले की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहू लागतो: मेल पाठवला होता, आणि मग काय घडले?

मी ठाण्यात नौपाड्यात संध्याकाळी प्रौढांना इंग्रजी संभाषण शिकवते. ऐरोली आणि महापे येथील कार्यालयांतून येणारी मंडळी, रुग्णालयांतील परिचारिका, मुलांच्या शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलायचे म्हणून शिकणाऱ्या आया, अशा सर्वांच्या चुका काही ठरावीक ठिकाणीच होतात. या चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मराठीचे ‘आहे’ आणि ‘होते’ आपापल्या नियमांनी चोख चालतात. ते नियम इंग्रजीच्या ‘हॅव’ आणि ‘हॅड’वर जसेच्या तसे लादले गेले की वाक्य घसरते. म्हणून या लेखात इंग्रजी काळांची ओळख मराठी वाक्यांच्या बाजूने करून दिली आहे.

‘पूर्ण’ हा शब्द बाजूला ठेवा

शाळेत आपण शिकलो की क्रिया पूर्ण झाली असेल तर पूर्ण काळ वापरावा. ही व्याख्या पाठांतराला सोपी आहे आणि वापरायला निरुपयोगी आहे. ‘आय हॅव लिव्ह्ड इन ठाणे फॉर ट्वेंटी इयर्स’ या वाक्यातील राहणे संपलेले नाही, तरीही काळ पूर्ण आहे. ‘आय सोल्ड माय स्कूटर लास्ट मंथ’ या वाक्यातील विकणे कायमचे संपले आहे, तरीही काळ साधा आहे. तेव्हा क्रिया संपली की नाही, यावर हे ठरत नाही.

ठरते ते बोलणारा कोठे उभा राहून मागे पाहतो आहे यावर. आजच्या क्षणात उभे राहून, आजशी संबंध ठेवून मागे पाहिले की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येते. भूतकाळातील एखाद्या क्षणात मनाने जाऊन उभे राहिलो आणि तेथून आणखी मागे पाहिले की ‘हॅड’ येते. भविष्यातील क्षणी उभे राहून मागे पाहिले की ‘विल हॅव’ येते. उभे राहण्याची जागा आणि मागे वळलेली नजर या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय यांपैकी कोणताही काळ वापरायचा नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका कसोटीतून निघतात.

पहिली पायरी: रूप पक्के करणे

रचना सर्वांना ठाऊक असते: ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप. तरीही दोन ठिकाणी पाय अडखळतो. ‘तिने फॉर्म भरले आहेत’ असे म्हणताना मराठी क्रियापद कर्माकडे, म्हणजे फॉर्मकडे, पाहून अनेकवचनी होते. इंग्रजीत ‘हॅव’ की ‘हॅज’ हे नेहमी कर्त्याकडे पाहून ठरते. फॉर्म एक असो वा शंभर, ती एकटीच असल्यामुळे ‘शी हॅज फिल्ड द फॉर्म्स’ असेच म्हणावे लागते. बोलण्याच्या ओघात ‘शी हॅव’ निसटते त्यामागे मला हीच कर्मणी प्रयोगाची सवय दिसते.

दुसरा अडथळा तिसऱ्या रूपाचा. ‘आय हॅव वेन्ट’, ‘ही हॅज केम’, ‘वी हॅव सॉ’ ही दुसरी रूपे आहेत. ‘गॉन’, ‘कम’ आणि ‘सीन’ ही तिसरी. ‘कम, केम, कम’ आणि ‘रन, रॅन, रन’ यांचे तिसरे रूप पहिल्याकडे परत येते, हे विशेष ध्यानात ठेवावे. ‘पुट’ आणि ‘कट’ तिन्ही रूपांत बदलत नाहीत, तर ‘रीड’चे लेखन तेच राहून उच्चार ‘रेड’ होतो. रूपांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा प्रत्येक क्रियापदाचे स्वतःच्या आयुष्यातील एक वाक्य पाठ करावे. ‘आय हॅव फरगॉटन माय पास’ हे वाक्य रेल्वेच्या प्रवाशाच्या तोंडी तक्त्याहून लवकर बसते.

दुसरी पायरी: ‘केव्हा’ हा प्रश्न विचारणे

‘मी काल फॉर्म भरला आहे’ हे मराठीत चालते. ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टरडे’ हे इंग्रजीत चालत नाही, कारण ‘हॅव’ म्हणते की मी आजमध्ये उभा आहे आणि ‘यस्टरडे’ म्हणते की मी कालमध्ये उभा आहे. एकाच वेळी दोन फलाटांवर उभे राहता येत नाही. म्हणून ‘हॅव’ उच्चारण्यापूर्वी स्वतःला विचारावे की मी ही गोष्ट केव्हा घडली हे सांगतो आहे का. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन 2019’ यांसारखा संपलेला काळ वाक्यात असेल तर साधा भूतकाळ घ्यावा: ‘आय फिल्ड द फॉर्म यस्टरडे.’ याच कारणाने ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नात साधारणपणे ‘हॅव’ नको. ‘व्हेन हॅव यू कम?’ ऐवजी ‘व्हेन डिड यू कम?’ असे विचारावे.

आपल्या शहराचा इतिहास याला चांगला उपयोगी पडतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. तारीख आली, काळ संपला; म्हणून ‘द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन रॅन टू ठाणे इन 1853.’ पण ठाण्याला रेल्वे येण्याचे थांबलेले नाही आणि आज उभे राहून ती सारी वर्षे एका नजरेत घ्यायची असतील तर ‘ट्रेन्स हॅव कम टू ठाणे सिन्स 1853’ असे म्हणता येते. तीच गोष्ट खाडीपलीकडची. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना 1970 मध्ये झाली, म्हणून ‘सिडको वॉज सेट अप इन 1970’. आणि नवी मुंबई तेव्हापासून वाढत आली, म्हणून ‘नवी मुंबई हॅज ग्रोन अ लॉट सिन्स देन.’

आता ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘धिस इयर’ हे शब्द पाहा. ते वेळ सांगतात, पण संपलेली वेळ सांगत नाहीत. दिवस अजून चालू आहे, आणखी एक चहा होऊ शकतो, म्हणून ‘आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी टुडे.’ ‘धिस मॉर्निंग’ तर घड्याळावर अवलंबून असते. सकाळी दहा वाजता ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ योग्य आहे. संध्याकाळी तेच सांगताना सकाळ संपलेली असल्यामुळे ‘आय कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ म्हणावे.

बातम्यांतही हा फरक रोज दिसतो, आणि ऐकण्याच्या सरावासाठी मला तो सर्वांत आवडतो. समजा घोडबंदर रस्त्यावर झाड पडले आहे. ताजी खबर देणारा प्रथम म्हणतो, ‘अ ट्री हॅज फॉलन ऑन घोडबंदर रोड’, कारण झाड अजून रस्त्यात आहे आणि आपली गाडी अडणार आहे. लगेच पुढच्या वाक्यात तो म्हणतो, ‘इट फेल अॅट सिक्स धिस मॉर्निंग.’ पहिले वाक्य आजचा परिणाम सांगते, दुसरे तपशील सांगते. कार्यालयातही असेच बोलावे: ‘आय हॅव फाउंड द एरर. आय फाउंड इट इन द मार्च फाइल.’

येथे काळाने माणसाचे असणे-नसणेही कळते. ‘माय मदर हॅज लिव्ह्ड इन नौपाडा ऑल हर लाइफ’ म्हटले की आई हयात आहे. ‘माय ग्रँडफादर लिव्ह्ड इन नौपाडा ऑल हिज लाइफ’ म्हटले की आजोबा गेले, हे वेगळे सांगावे लागत नाही. मुलाखतीत हयात वडिलांविषयी साध्या भूतकाळात बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीला समोरच्या बाईंनी हळुवारपणे ‘आय अॅम सॉरी’ म्हटले, आणि बाई का सॉरी म्हणाल्या हे बिचारीला वर्गात आल्यावर समजले.

मराठीचे छोटे शब्द: आत्ताच, अजून, कधी

‘आहे’ दिसले की ‘हॅव’ घालायचे, हा ठोकताळा पुरत नाही, कारण मराठी कित्येकदा ‘आहे’ न लावताच आजशी संबंध जोडते. ‘जेवलास का?’ या दोन शब्दांत ‘आहेस’ नाही, तरी आपण विचारतो ते आत्ता भूक आहे की नाही हेच. म्हणून इंग्रजीत ‘हॅव यू ईटन?’ त्याचप्रमाणे ‘गाडी आली!’ म्हणजे ‘द ट्रेन हॅज कम’. मराठीत खरा संकेत बहुधा क्रियापदाशेजारच्या छोट्या शब्दात असतो. ‘आत्ताच’ किंवा ‘नुकताच’ असेल तर ‘जस्ट’, ‘आधीच’ असेल तर ‘ऑलरेडी’, आणि ‘अजून नाही’ असेल तर ‘यट’: ‘ही हॅजन्ट कम यट.’ ‘तो आला नाही’ हे मराठी वाक्य ‘ही डिडन्ट कम’ आणि ‘ही हॅजन्ट कम’ या दोन्हींसाठी चालते. ‘अजून’ मनात आहे का, एवढे तपासले की निवड होते. आशा संपली असेल तर ‘डिडन्ट’, वाट पाहणे चालू असेल तर ‘हॅजन्ट’.

अमेरिकी माणसांशी बोलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ब्रिटिश बोलण्यात ‘आय हॅव जस्ट ईटन’ आणि ‘हॅव यू फिनिश्ड यट?’ ही सवयीची रूपे आहेत, तर अमेरिकी बोलण्यात ‘आय जस्ट एट’ आणि ‘डिड यू फिनिश यट?’ असे साधा भूतकाळ वापरून सर्रास म्हटले जाते. दोन्ही बरोबर. ‘गेट’चे तिसरे रूप ब्रिटनमध्ये ‘गॉट’ आहे आणि अमेरिकेत बहुधा ‘गॉटन’.

‘कधी’ या शब्दाची मात्र गंमत आहे. ‘तू माथेरानला कधी गेलास?’ यातील ‘कधी’ म्हणजे ‘व्हेन’, त्यामुळे ‘व्हेन डिड यू गो टू माथेरान?’ पण ‘तू कधी माथेरानला गेला आहेस का?’ यातील ‘कधी’ म्हणजे ‘एव्हर’, आणि मग ‘हॅव यू एव्हर बीन टू माथेरान?’ एका शब्दाची जागा आणि ‘का’ एवढ्यावर आपण हा फरक करतो आणि तो केल्याचे आपल्याला कळतही नाही.

या प्रश्नात ‘गॉन’ न येता ‘बीन’ का आले? ‘गॉन’ म्हणजे गेला आणि परतला नाही. ‘बीन’ म्हणजे जाऊन आला. वर्गात माझ्यासमोर बसून ‘आय हॅव गॉन टू येऊर’ असे कोणी म्हणाले की मी खिडकीबाहेर पाहते, कारण त्या वाक्याप्रमाणे तो माणूस येऊरच्या जंगलात असायला हवा. मराठीची मदत येथे नेमकी मिळते: जेथे ‘जाऊन आलो’ म्हणता येईल तेथे ‘बीन’, जेथे ‘गेली आहे, घरी नाही’ म्हणता येईल तेथे ‘गॉन’. ‘मदर हॅज गॉन टू द मार्केट’, पण ‘आय हॅव बीन टू येऊर मेनी टाइम्स.’

‘मी पहिल्यांदाच बघतोय’ याचे ‘आय अॅम सीइंग फर्स्ट टाइम’ होते, तेही सुधारून घ्यावे. इंग्रजी येथे आजवरचा सारा अनुभव मोजते: ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन इट.’ आणि कळव्याला गाडीत बसून फोनवर ‘आलोच!’ म्हणणाऱ्याने त्याचे भाषांतर ‘आय हॅव कम’ असे करू नये. आपले ‘आलोच’ हे आश्वासन आहे. इंग्रजी ‘आय हॅव कम’ ही हजेरी आहे. ‘आय अॅम ऑन माय वे’ म्हणावे आणि मराठी मित्रांना ‘आलोच’ सांगणे सुखाने चालू ठेवावे.

तिसरी पायरी: ‘पासून’चे दोन तुकडे करणे

माझ्या वर्गात सर्वाधिक वेळ ज्या वाक्यावर जातो ते वाक्य असे: ‘आय अॅम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स.’ यात दोन चुका आहेत आणि दोन्ही शुद्ध मराठी आहेत.

पहिली चूक काळाची. ‘मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतो’ यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, कारण राहणे आजही चालू आहे. इंग्रजीला तेवढे पुरत नाही. सुरुवात मागे आहे आणि आपण आजमधून तिच्याकडे पाहतो आहोत, म्हणजे कसोटी लागू झाली: ‘हॅव’ हवेच. ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’, दोन्ही चालतील.

दुसरी चूक शब्दाची. मराठीचा ‘पासून’ उदार आहे. तो ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2015पासून’ अशी दोन्ही कामे करतो. इंग्रजीत ही कामे दोघांत वाटलेली आहेत. जेथून सुरुवात झाली तो बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’, आणि किती काळ लोटला ती लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स 2015’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स माय मॅरेज’. ‘फॉर टेन इयर्स’, ‘फॉर थ्री डेज’, ‘फॉर अ लाँग टाइम’. शंका आल्यास त्या शब्दांवर कॅलेंडरमध्ये बोट ठेवता येते का, ते पाहावे. 2015वर बोट ठेवता येते. ‘दहा वर्षे’ यावर ठेवता येत नाही, ती मोजावी लागतात. बेलापूर ते पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झाली, तेव्हा ‘द मेट्रो हॅज बीन रनिंग सिन्स नोव्हेंबर 2023’. ती किती दिवस धावते आहे हे सांगायचे तर ‘फॉर’ लावून महिने मोजावेत.

‘मला ठाण्यात येऊन दहा वर्षे झाली’ ही आपली खास रचना तशीच नेता येत नाही, पण तिच्या जवळची रचना इंग्रजीत आहे: ‘इट हॅज बीन टेन इयर्स सिन्स आय केम टू ठाणे.’ येथे ‘सिन्स’ दहा वर्षांना लागलेला नसून ‘आय केम’ या बिंदूला लागलेला आहे.

‘हॅव बीन’ आणि ‘आयएनजी’चे रूप कधी घ्यावे, हा प्रश्न येथेच येतो. क्रियेचा चालूपणा, दगदग किंवा तिचा माग दिसत असेल तर ते घ्यावे. वाशी बाजार समितीच्या आवारातून घामाघूम होऊन आलेला माणूस ‘आय हॅव बीन लोडिंग सॅक्स सिन्स धिस मॉर्निंग’ म्हणेल. किती झाले हे सांगताना मात्र ‘आय हॅव लोडेड फिफ्टी सॅक्स’ म्हणेल. मेहनत सांगताना पहिले, हिशेब सांगताना दुसरे. ‘नो’, मालकीच्या अर्थाचे ‘हॅव’, ‘ओन’, ‘बिलीव्ह’ यांसारखी स्थिती दाखवणारी क्रियापदे सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत, म्हणून ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ नव्हे. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’

चौथी पायरी: ‘हॅड’ला जोडीदार शोधणे

आता सुरुवातीच्या मेलकडे येऊ. मराठीचे ‘होता’ अनेक कामे करते. ‘काल तुमचा भाऊ आला होता’ यात ते सांगते की भाऊ आला आणि आता येथे नाही. ‘मी सोमवारी मेल पाठवला होता’ यात ते सांगते की गोष्ट मागे पडली, आठवण करून देतो. ‘मला जरा विचारायचे होते’ यात तर ते केवळ अदब आहे. आणि ‘मी पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ यात ते एका भूतकाळापूर्वीचा दुसरा भूतकाळ दाखवते. या चारांपैकी फक्त शेवटचे काम इंग्रजी ‘हॅड’ करते. बाकीची तिन्ही वाक्ये साध्या भूतकाळात जातात: ‘युअर ब्रदर केम यस्टरडे’, ‘आय सेंट यू अ मेल ऑन मंडे’, ‘आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग.’

भारतातील कार्यालयांत ‘आय हॅड सेंट’ इतके रुळले आहे की आपापसात त्याने कोणाचे अडत नाही, आणि दुसऱ्याचे ऐकून ते सुधारत बसण्याच्या मी विरुद्ध आहे. पण परदेशी ऐकणाऱ्यासाठी लिहिताना ‘हॅड’ लिहिल्यावर त्याचा जोडीदार, म्हणजे नंतर घडलेली भूतकाळातील घटना, त्याच वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात आहे का ते पाहावे. जोडीदार नसेल तर ‘हॅड’ काढावे. ‘आय हॅड सेंट द मेल बिफोर यू कॉल्ड’ यात तो आहे, म्हणून ते वाक्य निर्दोष आहे.

जोडीदार असल्यावर ‘हॅड’मुळे अर्थ कसा फिरतो हे फलाटावर समजते. ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचण्याआधीच गाडी सुटली होती. ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचलो आणि डोळ्यांदेखत गाडी सुटली. दुसरे दुःख मोठे असते. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ या शब्दांनी क्रम आधीच स्पष्ट केलेला असेल तर ‘हॅड’ ऐच्छिक असते. ‘आय लॉक्ड द डोअर बिफोर आय लेफ्ट’ पुरेसे आहे.

जिल्ह्याच्या इतिहासातले एक वाक्य नमुना म्हणून ठेवावे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. ‘पालघर बिकेम अ सेपरेट डिस्ट्रिक्ट इन 2014. अंटिल देन, इट हॅड बीन पार्ट ऑफ ठाणे डिस्ट्रिक्ट.’ पहिले वाक्य आपल्याला 2014मध्ये उभे करते, दुसरे तेथून मागे पाहते. लांब हकिगत सांगताना एवढेच करावे: एकदा ‘हॅड’ने मागे जावे आणि मग साध्या भूतकाळात गोष्ट पुढे न्यावी. प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लावले तर ऐकणारा दमतो.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना हाच नियम चालतो: ती म्हणाली ‘आय हॅव पेड द बिल’, आणि आपण नंतर सांगतो, ‘शी सेड शी हॅड पेड द बिल.’

‘जर-तर’च्या वाक्यांत मात्र मराठी पुन्हा आडवी येते. ‘लवकर निघालो असतो तर जागा मिळाली असती’ यात दोन्हीकडे ‘असतो, असती’ आहे, म्हणून विद्यार्थी दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतात: ‘इफ आय वुड हॅव लेफ्ट अर्ली, आय वुड हॅव गॉट अ सीट.’ इंग्रजीत दोन बाजूंना दोन वेगळी रूपे हवीत. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’: ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्ली, आय वुड हॅव गॉट अ सीट.’ न घडलेल्या गोष्टीची हळहळ ‘आय विश आय हॅड लिसन्ड टू यू’ अशीही व्यक्त करता येते.

‘विल हॅव’ आणि त्याचे नातेवाईक

भविष्यातील पूर्ण काळ बोलण्यात कमी लागतो, म्हणून येथे फार थांबण्याचे कारण नाही. ‘तू वाशीला पोहोचेपर्यंत माझे काम झालेले असेल’ याचे ‘बाय द टाइम यू रीच वाशी, आय विल हॅव फिनिश्ड’ होते; ‘बाय द टाइम’च्या लगेच पुढे ‘विल’ येत नाही, एवढे पाळावे. आपले ‘असतील’ भविष्याऐवजी अंदाजही दाखवते आणि इंग्रजीही तेच करते: ‘ते एव्हाना पोहोचले असतील’ म्हणजे ‘दे विल हॅव रीच्ड बाय नाउ’, किंवा समोरच्या खुणांवरून तर्क करत असाल तर ‘दे मस्ट हॅव रीच्ड.’ ‘मी फोन करायला हवा होता’ म्हणजे ‘आय शुड हॅव कॉल्ड’, आणि ‘करू शकलो असतो’ म्हणजे ‘आय कुड हॅव कॉल्ड’. या रूपांत कर्ता कोणीही असला तरी ‘हॅव’चे ‘हॅज’ होत नाही: ‘शी शुड हॅव कॉल्ड.’

पाचवी पायरी: कान तयार करणे

लिहिताना अचूक असणारे कित्येकजण फोनवर ‘हॅव’ ऐकूच शकत नाहीत, कारण बोलणारा ते गिळतो. ‘आय हॅव सेंट’चे ‘आयव्ह सेंट’ होते, ‘ही हॅज लेफ्ट’चे ‘हीज लेफ्ट’, आणि ‘शुड हॅव’चे ‘शुडव्ह’. हा शेवटचा उच्चार ‘शुड ऑफ’सारखा भासल्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तो तसा चुकीचा लिहितात, आपण लिहू नये. ‘हीज’ ऐकू आले की पुढच्या शब्दाकडे लक्ष द्यावे: ‘हीज गोइंग’मध्ये ‘इज’ आहे, ‘हीज गॉन’मध्ये ‘हॅज’. ‘आयड’चेही तसेच, ‘आयड गो’मध्ये ‘वुड’ दडलेले असते आणि ‘आयड गॉन’मध्ये ‘हॅड’. ‘आयव्ह गॉट अ मीटिंग’ हे मात्र दिसायला पूर्ण काळ असले तरी त्याचा अर्थ फक्त ‘मला मीटिंग आहे’ एवढाच होतो.

सराव कसा करावा

ठाणे ते वाशी हा लोकलचा प्रवास सरावाला पुरेसा आहे. गाडीत चढल्यावर आज घरातून निघेपर्यंत काय काय झाले ते मनात ‘हॅव’ने सांगावे, वेळ अजिबात न सांगता: चहा घेतला आहे, डबा घेतला आहे, छत्री विसरलो आहे. मग त्यांतील प्रत्येकाला वेळ जोडून तेच साध्या भूतकाळात सांगावे. परतताना दिवसातील एक प्रसंग निवडून त्याच्या आधी काय घडून गेले होते ते एकाच ‘हॅड’ने सांगावे. पंधरा दिवसांनी जीभ आपोआप वळू लागते, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

आता चार वाक्ये स्वतः करून पाहावीत. ‘मी तिला लहानपणापासून ओळखते’ यात ‘पासून’ बिंदू दाखवतो आणि ‘ओळखणे’ ही स्थिती आहे, म्हणून ‘आय हॅव नोन हर सिन्स चाइल्डहुड.’ ‘साहेब बाहेर गेले आहेत, पाच वाजता येतील’ यात साहेब जागेवर नाहीत, म्हणून ‘बीन’ न घेता ‘ही हॅज गॉन आउट’. ‘मागच्या वर्षी आम्ही कोकणात गेलो होतो’ यात ‘होतो’ असले तरी जोडीदार घटना नाही आणि ‘मागच्या वर्षी’ हा संपलेला काळ आहे, म्हणून ‘वी वेन्ट टू कोकण लास्ट इयर.’ ‘मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा लक्षात आले की पास घरीच राहिला होता’ यात जोडीदार आहे, आधी काय घडले तेही स्पष्ट आहे, आणि येथे ‘हॅड’ला पूर्ण हक्क आहे: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, आय रियलाइज्ड आय हॅड लेफ्ट माय पास अॅट होम.’